दुसरी सही

बसडेपोच्या भांडारात एक नियम होता. कुठलाही सुटा भाग भंगारात काढायचा, मग तो गंजलेला बोल्ट असो की तडा गेलेला आरसा, तर दोघांच्या सह्या लागत. एक भांडारपालाची आणि दुसरी आणखी कोणाची तरी. एकटा माणूस वैतागाच्या भरात चांगली वस्तूही फेकून देतो. दोघं असले की निदान एकाला तरी दया येते. ज्यानं हा नियम केला तो मोठा शहाणा असणार, नाहीतर मग मोठा मायाळू.

आपला भांडारपाल हा नियम इतका कडक पाळायचा, की डेपोतले लोक पाठीमागं त्याला 'डबलसही' म्हणत. पाठीमागं म्हणजे तोंडावरच म्हणत, फक्त तो वळून बघायला लागला की खोकत. दुसरा नियम त्याचा स्वतःचा होता : एक वस्तू, एक खण. मेकॅनिकनं ब्रेकची तार मागावी, यानं मागं न बघता हात घालावा आणि तार बाहेर यावी. "एका वस्तूला दोन जागा दिल्या की ती हरवलीच म्हणून समजा," असं तो नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवायचा. नव्या माणसाला ते दुसऱ्या दिवशी पाठ झालेलं असायचं, कारण दुसऱ्या दिवशीही तो तेच ऐकवायचा.

माणूस नोकरीतून सुटतो, पण नोकरी माणसातून सुटत नाही. निवृत्त झाला तसे दोन्ही नियम त्याच्याबरोबर घरी आले. पाय मोडलेली खुर्ची टाकायची? दुसरी सही. दांडी तुटलेली छत्री? दुसरी सही. ही सही अर्थातच बायकोची. ती बहुधा भांडी घासत असायची. पटलं तर ओल्या बोटानं त्याच्या पाठीवर, शर्टावरच, एक झोकदार फराटा ओढायची आणि म्हणायची, "झाली हो सही. साहेबांनी आता पुढची कारवाई करावी." नाही पटलं तर दोन्ही हात पाठीशी लपवायची. "मी नाही सही करत. काय करायचं ते करा." आणि मग काहीच करता यायचं नाही. नियम तो नियम.

ती गेली त्याला आता दुसरा हिवाळा लागला होता. तेव्हापासून त्या घरातून एक वस्तू भंगारात गेली नव्हती. विझलेले दिवे, गळकी किटली, तिच्या चपला, सगळं जिथल्या तिथं. शेजारची बाई म्हणायची, बिचारे आळशी झालेत. आळस कसला? माणूस सहीसाठी थांबला होता.

लेक समुद्रापलीकडे राहायची. तिला लहानपणापासून 'चिमणी' म्हणत, आणि आता तिच्या पदरात स्वतःचं पाखरू आलं तरी ते नाव टिकून होतं. दर रविवारी सकाळी तिचा फोन यायचा.

"चहा झाला, बाबा?"

"झाला."

"गुडघा?"

"आहे जागेवर."

"आणि?"

"आणि काय. बरं चाललंय."

आई होती तेव्हा फोन आईच्याच कानाला असायचा. बाप लांबून "मीही विचारलंय म्हणून सांग" एवढं ओरडायचा आणि त्याचं बापपण तेवढ्यावर भागायचं. आता फोन थेट त्याच्या हातात आला होता आणि तो कसा धरावा ते त्याला उमगत नव्हतं. भरलेली घागर दिल्यासारखा धरायचा, सांडेल या भीतीनं हलायचाच नाही.

एका रविवारी चिमणी म्हणाली, "बाबा, आईचे फोटो पाठवाल? माझ्याकडचे जुन्या फोनबरोबर गेले सगळे. छोटी विचारते, आजी कशी होती. मी सांगायला बसते, आणि... मलाच नीट आठवेनासं झालंय. आवाज आठवतो. चेहरा आठवायला गेलं की तो भिंतीवरचा येतो."

भिंतीवरचा म्हणजे ओळखपत्रासाठी काढलेला आणि मग मोठा करून लावलेला. त्यात बायको अशी बघत होती, जणू समोर पोलीस उभा आहे.

"पाठवतो," भांडारपाल म्हणाला. "जरा नीट लावतो आणि पाठवतो."

फोन ठेवला तेव्हा त्याला बऱ्याच दिवसांनी तरतरी आली. काम मिळालं होतं. लेकीनं बापाकडे काहीतरी मागितलं होतं, आणि मागितलेली वस्तू काढून देणं यातच तर त्याचा जन्म गेला होता.

फोटो सगळे एकाच कंप्युटरमध्ये होते. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या संगणकवाल्यानं कधीतरी जुने फोन, कॅमेरा, स्कॅन केलेले कागदी फोटो, सगळं त्यात रिकामं करून दिलं होतं. पण कसं? गोणी उपडी करावी तसं. एकालाही नाव नाही, नुसते आकडे. भांडारपालानं ते पाहिलं आणि त्याच्या जिवाला घोर लागला. असं भांडार कोणी आपल्या हवाली केलं असतं तर पहिल्याच दिवशी आपण राजीनामा दिला असता, असं त्याला वाटलं.

मग त्यानं बाह्या सरसावल्या. एक माणूस, एक फोल्डर. चिमणी, जावई, छोटी, बायको, इतर. प्रश्न आला एकाच फोटोत चौघं असले तर काय. त्यावर त्यानं नियम केला : जो मधोमध, त्याच्या खणात. आता बायको कधी मधोमध उभी राहिली होती? ती कायम कडेला, कोणाची तरी कॉलर सरळ करत, कोणाचं तरी नाक पुसत. ते फोटो सगळे त्या कॉलरवाल्याच्या आणि नाकवाल्याच्या खणात गेले.

मग तपासणी. भांडारात आलेला माल जसा उजेडात धरून बघायचा, तसं त्यानं एकेक छायाचित्र बघितलं. कडा स्पष्ट आहेत? डोळे उघडे आहेत? मान सरळ? तोंड बंद? पास. हललेला, तिरका, डोळे मिटलेला, तोंड उघडलेला, मधे हात आलेला? नापास. नापास मालासाठी त्यानं शेवटी एक फोल्डर केलं आणि त्याला सवयीनं नाव दिलं, 'भंगार'. बायकोचे फोटो एकामागून एक तिकडे जाऊ लागले. ही बाई मेली एक क्षण स्थिर उभी राहायची नाही, असं तो पुटपुटत होता, पण हात चालूच होता. चांगला भांडारपाल माल बघतो, मालाचं तोंड बघत नाही.

बायकोच्या खणात उरले ते मोजके. एकसारखे, सरळ, स्वच्छ. त्यानं ते लेकीला पाठवून दिले आणि रविवारची वाट पाहिली.

"मिळाले, बाबा."

"नीट आहेत ना? एकही हललेला नाही त्यात."

"हो. नीट आहेत. पण बाबा, यात आई कुठाय?"

"म्हणजे? सगळ्यांत तीच तर आहे."

"आहे हो. पण सगळीकडे कोणीतरी तिला श्वास रोखून धर म्हणून सांगितल्यासारखी आहे. छोटीनं एक बघितला आणि म्हणाली, ही बाई आपल्यावर रागावलीय का?" ती हसायला गेली, पण हसू मधेच राहिलं. "दुसरे नाहीत?"

भांडारपालानं प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. भांडारात माल कितीही पडलेला असो, मागणी आली की चालू मालातून द्यायचं. भंगार शिल्लकीत धरत नाहीत. "चांगले तेवढेच," तो म्हणाला.

"असू दे, बाबा. नसतील मग."

पुढच्या रविवारी फोन आला नाही. संदेश आला : 'कामात आहे. पुढच्या आठवड्यात बोलू.' त्याच्या पुढच्या रविवारी आला, पण चहा झाला का, गुडघा कसा आहे, एवढ्यावर संपला. 'आणि?' सुद्धा विचारलं नाही तिनं. भांडारपाल फोन हातात धरून खिडकीशी उभा राहिला. खाली रस्त्यावर बस थांबली, कोणी चढलं नाही, कोणी उतरलं नाही, बस निघून गेली. लेकीनं आयुष्यात पहिल्यांदा आपल्या भांडाराच्या खिडकीवर येऊन एक वस्तू मागितली आणि आपण तिला रिकाम्या हातानं परत पाठवलं, हे त्याला कळत होतं. फक्त ती वस्तू कुठल्या खणात असते, हेच त्याला ठाऊक नव्हतं. आणि चिमणी आता पुन्हा मागणार नव्हती. आईवरच गेली होती; एकदा 'असू दे' म्हटलं की असू दे.

त्याच आठवड्यात कंप्युटरनं मान टाकली. एक बटण दाबलं की चहा पिऊन यावं, मग काय ते उघडायचं. संगणकवाल्याला बोलावलं. तो दुपारी आला, पोट सांभाळत खुर्चीत बसला. तीच ती खुर्ची, पायाला पट्टी ठोकलेली.

"काका, याला अपचन झालंय," तो म्हणाला. "गळ्यापर्यंत भरलाय. काहीतरी काढावं लागेल." त्यानं इकडेतिकडे टकटक केली. "हे बघा, सगळ्यात जड हेच आहे. 'भंगार' नाव तुम्हीच दिलंय?"

"मीच."

"मग सोपंच झालं की. उडवतो." आणि त्यानं बोट उचललं.

"थांबा," भांडारपाल म्हणाला.

"का? भंगारच आहे ना?"

"भंगारच आहे. पण दुसरी सही झालेली नाही."

संगणकवाला आधी हसला. मग भांडारपालाकडे बघून त्यानं हसू आवरलं. "कोणाची सही, काका?"

भांडारपालानं नुसतं स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. तिथं नळाखाली एक कप पालथा पडला होता, एकच. संगणकवाल्यालाही दोन डोळे होते. त्यानं बोट खाली घेतलं आणि आवाजही खाली घेतला. "मग निदान एकदा बघून तरी घेऊ. काय काय आहे ते."

पहिलाच फोटो उघडला तो धुरकट, तिरका. बायको कॅमेऱ्याकडे झेपावत होती, पुढं आलेला तळवा ताटाएवढा दिसत होता, आणि त्या तळव्याच्या मागं तिचं तोंड हसण्यानं इतकं उघडलं होतं की दाढाही दिसाव्यात.

"ह्या कोण?" संगणकवाल्यानं विचारलं.

भांडारपालानं हा फोटो आधी बघितला होता. तपासला होता. हललेला, मधे हात, तोंड उघडं : नापास. पण ही कोण, असं त्याला आतापर्यंत कोणी विचारलं नव्हतं, त्यानं स्वतःही नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच.

"ही आमची," तो म्हणाला. "हीच."

दुसरा उघडला, तिसरा उघडला. बायको चिमणीच्या मागं धावताना, एक पाय फोटोच्या बाहेर. बायको खोटं खोटं रागावून लाटणं उगारताना. बायको झोपलेली, तोंड उघडं. भांडारपाल उभा होता तो भिंतीला टेकला.

"हे बायकोच्या फोल्डरमध्ये टाकू?" संगणकवाल्यानं विचारलं.

"पण यात चिमणी मधोमध आहे. आणि इथं तान्ही छोटी. मग त्यांच्यात टाकायचे की हिच्यात?" नियमात अडकलेला माणूस जाळ्यात अडकलेल्या माशासारखा असतो, जितका हलतो तितका गुंततो.

"अहो काका, हलवताय कशाला? कीवर्ड द्या. खुणेचे शब्द. हे बघा, इथं लिहायचं. आई, चिमणी, पाऊस, काय हवं ते. एका फोटोला दहा शब्द द्या, वीस द्या."

"मग तो ठेवायचा कुठल्या खणात?"

"जिथं आहे तिथंच राहू दे. खणाचं कामच नाही. तुम्ही इथं तो शब्द लिहायचा, म्हणजे हाक मारायची. जिथं असेल तिथून येतो."

भांडारपाल त्या रिकाम्या चौकटीकडे बघत राहिला. एका वस्तूला एक जागा, हे त्याचं सारं आयुष्य. आणि इथं हा पोटवाला माणूस सांगत होता की जागेला महत्त्व नाही, हाकेला आहे. मग त्याच्या मनात आलं, देवाचं तरी दुसरं काय असतं? तो कुठल्या खणात बसलाय हे आजवर कोणाला सापडलेलं नाही. पण ज्यानं ज्या नावानं बोलावलं, त्याला त्या नावानं ओ मिळते. आई म्हणून हाक मारा, मित्र म्हणून मारा, भांडून मारा. नाव मात्र घ्यावं लागतं.

संगणकवाला जाताना म्हणाला, "जागेसाठी एक वेगळी डिस्क जोडून देतो उद्या. हे काही काढू नका." मोबदल्याचं विचारलं तर हात हलवून जिना उतरून गेला.

पुढच्या सगळ्या दुपारी भांडारपाल खुणेचे शब्द लिहीत बसला. सुरुवातीला हात भांडारातलाच होता. 'बायको. स्वयंपाकघर. खिडकी.' तिन्ही शब्द बरोबर, आणि तिन्ही मुके. मग एका फोटोवर त्याचा हात थांबला. बायकोनं मोडकी खुर्ची दोन्ही हातांनी पोटाशी कवटाळली होती, डोळे घट्ट मिटलेले, तोंड सताड उघडं. फोटो त्यानंच काढला होता. आणि त्याला ऐकू आलं ती काय ओरडत होती ते. त्यानं लिहिलं : 'मी नाही सही करत.'

तिथून मग धार लागली. फोटो हलले होते ते ती हलली म्हणून, आणि ती हलली होती ती काहीतरी बोलली म्हणून. आणि बोलली होती ती याच्याशीच, दुसरं होतं कोण कॅमेऱ्यामागं? तो तिचे शब्दच खुणेला लिहीत सुटला. 'नको ना.' 'केस तरी विंचरू द्या.' 'तुमचा अंगठा आलाय बघा.' 'दूध उतू जातंय.' 'हसू.' 'हसू.' 'हसू.' लिहिता लिहिता तो मोठ्यानं उत्तरं द्यायला लागला. "नाही आला अंगठा," असं म्हणायचा, मग बघायचा तर कोपऱ्यात अंगठा असायचाच. "आला खरा," असंही म्हणायचा. खोलीत त्याला कोणी प्रतिटोला देत नव्हतं. घड्याळ तेवढं चालू होतं, आणि घड्याळाला कधी बोलायची सवय नव्हती.

शनिवारी, उन्हं कलताना, त्यानं वरच्या चौकटीत लिहिलं, 'हसू'. आणि बोट दाबलं.

ती आली. सगळ्या वर्षांतून एकदम आली. काळ्या केसांची, पांढऱ्या केसांची, पोटात चिमणी असतानाची, आजारपणातली डोक्याला रुमाल बांधलेली. पडदाभर तीच, कुठंही स्थिर नाही. भांडारपालानं चष्मा काढून शर्टाला पुसला, परत लावला, परत काढला.

रविवारची वाट बघणं त्याला जमलं नाही. त्यानं आपणहून फोन लावला, जन्मात पहिल्यांदा.

"बाबा? काय झालं? बरं नाही का?"

"मी ठणठणीत आहे. चिमणे, एका कामात तुझी सही हवी होती."

"कसली सही?"

"भंगार काढायचंय. काही खराब फोटो आहेत. हललेले, तिरके. नियमाप्रमाणे दुसरी सही लागते, आणि तुझी आई... आता तूच आहेस. पाठवतो. बघ आणि सांग."

त्यानं पाठवले. फोन कानाला धरून उभा राहिला. पलीकडे नाक ओढल्याचा आवाज. मग लांबून छोटीचा : "ही कोण? हिचा हात एवढा मोठा का?"

"ही आजी," चिमणी म्हणाली. "ही बघ. ही आजी."

"काय करतेय?"

"आजोबांना फोटो काढू देत नाहीये. ही बघ, ही माझ्यामागं धावतेय. चप्पल घेऊन. मी काय केलं होतं, बाबा?"

"शेजाऱ्यांच्या कुंडीतलं रोप उपटून आणलं होतंस. आईला फूल हवं म्हणून."

आणि मग चिमणी हसली. बापाशी बोलताना ती कधी अशी हसली नव्हती. हे हसू आजवर आईच्या वाट्याचं होतं.

"बाबा, तुम्ही मला चांगले तेवढेच म्हणालात."

"चुकलो," भांडारपाल म्हणाला. "उजेडात धरून बघितले गं सगळे. नुसतं तिच्याकडेच बघायचं राहिलं." मग त्यानं घसा साफ केला. "तर, सही करतेस ना?"

पलीकडे खसफस झाली. त्याला दिसत नव्हतं, पण फोन खांद्यात धरून तिनं दोन्ही हात पाठीशी नेले असणार, याबद्दल त्याला काडीची शंका नव्हती.

"मी नाही सही करत," चिमणी म्हणाली. "काय करायचं ते करा."

"मग काही करता येत नाही," भांडारपाल म्हणाला. "राहू दे तर."

बोलणं बराच वेळ चाललं. संपल्यावर घर पुन्हा होतं तसं झालं, उलट थोडं जास्तच, जसा पाहुणे गेल्यावर जिना जास्त रिकामा वाटतो. त्यानं दिवा लावला. 'भंगार' हे नाव खोडलं आणि तिथं 'चालू माल' लिहिलं. तळाशी अजून काही फोटो खुणेवाचून राहिले होते, ते बघायला बसला.

एकात कोणाचंच तोंड नव्हतं. तिरका दरवाजा, आणि दरवाजात पाठमोरा शर्ट, पाठीवर ओला फराटा. ओळखायला त्याला जरा वेळ लागला, कारण स्वतःची पाठ कोण कधी बघतो? हा तो स्वतःच होता. सही करून झाल्यावर तिनं मागून फोटो काढला असणार, त्याला दाखवायला, आणि मग दाखवायचा राहून गेला असणार. कशाला सही दिली होती कोण जाणे. छत्रीला असेल.

तो खुणेचा शब्द शोधत बसला. त्याचं नाव लिहून उपयोग नव्हता. ते तिनं कधी घेतलंच नव्हतं. अखेर त्यानं लिहिलं, 'अहो'.

मग वरच्या चौकटीत तेच लिहिलं आणि बोट दाबलं. एकच फोटो आला, आणि ओल्या पाठीचा तो माणूस दारात उभा राहिला, कोणीतरी मागून हाक मारली आहे आणि आता वळणारच आहे, असा.